रुमाल टाकलेल्या जागा

“मॅडमच्या प्रोग्रामनंच खाल्ली असंन बे गजानन, सारी मेमरी!” कूलरच्या घरघरीतूनही बडेबाबूंचं, म्हणजे आमच्या हेडक्लार्कचं, वाक्य माझ्यापर्यंत स्वच्छ पोहोचलं. सांगत होते शिपायाला, ऐकवत होते मला.

कॉलेजच्या ऑफिसात भिंतीवर नवा पडदा लागला होता. त्यावर कॉलेजच्या मुख्य संगणकाच्या मेमरीची लाल पट्टी चौऱ्याण्णव टक्क्यांवर टेकली, आणि वसतिगृहाचे अर्ज घरबसल्या भरायचा माझा प्रोग्राम संध्याकाळपर्यंत काढून टाकायचा, असं प्राचार्यांनी ठरवलं. तो गेला की लोणारच्या, पिंपळगाव राजाच्या मुलींनी नुसत्या एका अर्जासाठी एसटीत दिवस मोडायचा!

माझ्या टेबलावरच्या संगणकातलं मेमरी मोजायचं दुसरं साधन त्याच यंत्राची निम्मी मेमरी मोकळी दाखवत होतं. तिसऱ्यानं चालू प्रोग्रामांची बेरीज केली, तर ती मुळातल्या मेमरीहूनही जास्त! सगळे मिळून वापरतात तो सामाईक भाग त्यानं प्रत्येकाच्या नावावर वेगळा धरलेला. एका यंत्राची तीन सत्यं. चिडावं तरी कुणावर? आकडे खोटं बोलत नाहीत. आपण काय मोजलं ते मात्र सांगत नाहीत. गप्प बसण्यात ते माझ्याच जातीचे.

बुलढाण्याच्या स्टँडवर गाडी लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. येईल न येईल अशा सोबत्यासाठी. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी भरलेली. कंडक्टर मात्र तिकिटंच मोजतो. आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई चढली, की “बस व माय” म्हणत कुणीतरी मुकाट रुमाल उचलतं. यंत्र तरी वेगळं काय करतं? एकदा वाचलेली फाइल पुन्हा लागेल म्हणून रिकाम्या जागेत ठेवतं, खरी गरज आली की निमूट बाजूला सारतं. भिंतीवरची पट्टी मात्र रुमालांनाही प्रवासी समजत होती.

हे सारं मी दोन पानी टिपणात, नेटक्या इंग्रजीत लिहून दिलं होतं. बडेबाबूंच्या टेबलावर त्या टिपणावरच चहाचा कप ठेवलेला दिसला.

चार वाजता प्राचार्य आले. “पाहा ना सर, लालच लाल! पाय ठेवाले जागा नाही,” बडेबाबूंनी पट्टीकडे बोट केलं. कूलर घरघरत होता. त्याच्यावर आवाज चढवायची मला कधी सवयच नव्हती, तरी उठले.

“बडेबाबू, गाडीत जागा आहे. नुसते रुमाल टाकलेत हो! पोरींले चढू द्या.”