शेवटच्या घराचा हंडा

त्या दिवशी सकाळी आमच्या पेठेत नळाचा दिवस होता. मी अंगणात बादल्या मांडत होतो आणि मशिदीच्या भोंग्यावरून अवेळी आवाज आला. अवेळी आवाज म्हणजे कुणीतरी गेलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. नाव नीट ऐकू यावं म्हणून मी तोटी बंद केली. टेकाड गल्लीतल्या हलिमाबी वारल्या होत्या... समोरच्या ओट्यावर आमचे शेजारी, किराणा दुकानदार दिगंबरशेठ दात घासत उभे होते. ते सहज म्हणाले, "कोण, ती पाणीचोर नगरसेविका? फार वय झालं होतं हो तिचं." त्यांच्या बोलण्यात वैर नव्हतं. एखाद्याला आपण 'लंगडा' किंवा 'काणा' म्हणून ओळखतो, तशी ती त्यांनी ओळख सांगितली होती. मी 'हं' म्हणालो आणि तोटी पुन्हा उघडली. दुपारी माती द्यायला गेलो, तेव्हाही सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. त्या चोर नव्हत्या हे सांगू शकेल असा एकच माणूस आता उरला होता, आणि तो मी होतो.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात ओव्हरसियर होतो. सगळं आयुष्य या एकाच गावात गेलं. आमची पाण्याची टाकी गावाच्या एका अंगाला, तिच्या पायथ्याशी पेठ आणि पार दुसऱ्या टोकाला, चढावर, टेकाड गल्ली. तिथं गादीवाले, हमाल, गवंडी यांची घरं आणि दिवाळीनंतर कुलपं लावून ऊसतोडीला जाणारी माणसं. टेकाडापर्यंत पाइप गेलेला होता, पण पाणी जात नसे. पेठेची शेकडो घरं ते वाटेतच ओढून घ्यायची. दर उन्हाळ्यात टेकाडाचा अर्ज यायचा आणि दर उन्हाळ्यात मी उत्तर लिहायचो, की उंचीमुळे तिथं पाणी चढू शकत नाही. पाणी जातच नाही म्हणून टेकाडाचा व्हॉल्व्ह आम्ही बंदही करत नसू. तो बारमाही उघडा असायचा.

बायकांसाठी जागा राखीव झाल्या त्या सुमारास हलिमाबी निवडून आल्या. नवऱ्याचं गाद्या भरायचं दुकान होतं. 'नवरा सांगेल तिथं सही करील,' असं पेठेत सगळे म्हणायचे. पहिल्याच सभेत नवरा त्यांना दारापर्यंत सोडायला आला, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "तुमी जावा, कापूस उन्हात टाकलाय तो बघा." शिपायानं ही गोष्ट गावभर केली. त्यांचं बोलणं असं, की समोरचा हसायचा आणि हसता हसता अडकायचा. माझ्या टेबलासमोर बसून विचारायच्या, "सायेब, आमच्या गल्लीत बाया डोक्यावर हंडा घेऊन चढ चढत्यात. त्यांना चढतंय, मग पाण्यालाच का चढत न्हाई?" मी दाब, व्यास असं काहीबाही सांगायचो. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायच्या.

एका टंचाईच्या उन्हाळ्यात चौकातला पेठेचा मुख्य व्हॉल्व्ह मोडला. नवा यायला वेळ लागणार होता, म्हणून बंद पडलेल्या एका जुन्या योजनेचा काढून ठेवलेला व्हॉल्व्ह मी बसवायला घेतला. भर उन्हात खड्ड्यात माणसं काम करताना पाहून हलिमाबी घरून किटलीभर चहा घेऊन आल्या. सगळ्यांनी घेतला, मीही दोन कप घेतले. संध्याकाळी खड्डा बुजवला आणि घरी गेलो. आता जे लिहितो आहे ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. काही जुने व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचे असतात. नेहमीचा व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला की उघडतो, हे डावीकडे फिरवले की बंद होतात. वरच्या लोखंडावर तसा बाण ओतलेला असतो. बसवण्याआधी तो बाण बघणं हे माझं काम होतं. बाणावर चिखल होता आणि मी तो पुसला नाही.

पेठेच्या पाळीला आमचा व्हॉल्व्हमन बबन, आता तोही हयात नाही, नेहमीसारखी चावी डावीकडे फिरवायचा आणि आपण पाणी सोडलं असं समजून निघून जायचा. प्रत्यक्षात पेठेचं पाणी बंद होत होतं. टाकीतलं सगळं पाणी मग मुख्य पाइपानं सरळ पुढं गेलं आणि टेकाडावर चढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथल्या तोट्या वाहिल्या. बायकांनी हंडे, कळशा, पिंपं, कढयासुद्धा भरून ठेवल्या. इकडे पेठ कोरडी. पुढच्या पाळीलाही तेच झालं, आणि पेठेला जाब द्यायला कुणीतरी हवं होतं. चौकातल्या चहाची आठवण सगळ्यांना होती. 'किटलीभर चहा पाजला आणि पाणी वळवून घेतलं...' ही गोष्ट इतकी चपखल बसली, की तिला पुरावा लागला नाही. मी खड्डा उकरून पाहिलं, बाणावरचा चिखल पुसला आणि बबनला एवढंच म्हणालो, "आजपासून उलटी फिरव." पेठेत पाणी आलं. लोक म्हणाले, पकडली गेली म्हणून सोडलं.

त्यानंतरची सभा मला शब्दन् शब्द आठवते. 'पाणीचोर, पाणीचोर' असा गलका चालला होता. हलिमाबी डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बरं, मी चोरलं. पण सायेब दरसाल लिहून देत्यात, टेकाडावर पाणी चढत न्हाई म्हून. मग मी चोरलेलं पाणी चढलं कसं? का माझ्या पदराला मोटार बांधलीय?" आधी हशा झाला. मग तो हशा विरला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हणालो, "तांत्रिक बाब आहे, तपासून सांगतो." इतकंच. चूक कबूल केली असती तर वर्षानुवर्षं लिहिलेली उत्तरंही खोटी ठरली असती. पाणी चढू शकत नव्हतं असं नाही, पेठ थोडा वेळ बंद ठेवायला आम्ही तयार नव्हतो.

त्यांनी मात्र तो धागा सोडला नाही. पेठेचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी सोडून बघा, हा ठराव त्यांनी करून घेतला. पाणी चढलं. तेव्हापासून टेकाडाला स्वतंत्र पाळी मिळाली, ती आजही चालू आहे. पुढच्या निवडणुकीत मात्र त्या पडल्या, कारण वॉर्डात अर्धी पेठ होती आणि पेठेत त्यांचं नाव एकच होतं, पाणीचोर. पडल्या तरी गल्लीला त्यांनी एक रीत लावून दिली. नळाला पाणी आलं की पहिली तोटी गल्लीतल्या शेवटच्या घरानं उघडायची. त्यांचे हंडे भरले की त्यांनी हंड्यावर पळी वाजवायची, मग अलीकडच्या घरानं तोटी उघडायची. हलिमाबींचं घर गल्लीच्या तोंडाशी, पाइपात पहिलं. म्हणून पाळीत सगळ्यांत शेवटचं.

निवृत्तीनंतर एकदा जुनी गादी घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. नवरा गेला होता, त्या स्वतःच दाभणानं टाके घालत होत्या. मी चाचरत म्हणालो, "भाभी, तो चौकातला व्हॉल्व्ह..." त्यांनी वर पाहिलं नाही. "बबननं कवाच सांगितलं हुतं मला. उलटा हुता." मग दोरा तोडत म्हणाल्या, "तवा तुमी बोलला न्हाई, ते बरंच झालं म्हना. चूक म्हून मिटलं असतं आन् टेकाड पुन्हा कोरडं. पन सायेब, आमची पाळी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी मान खाली घातली. त्यांनी मला चहा पाजला, गादी टेम्पोत चढवून दिली आणि मी परत येऊन पुन्हा गप्प बसलो... पेठेत तोंड दाखवायची लाज, दुसरं काही नाही.

त्या गेल्यावर काही आठवडे मी घराबाहेरच पडलो नाही. मग एका सकाळी दिगंबरशेठच्या दुकानात गिऱ्हाईक असताना उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, बाणावरच्या चिखलासकट. त्यांच्या हातातली साखरेची पुडी तशीच राहिली. मग म्हणाले, "अहो, मी तर तिच्या तोंडावर म्हणायचो. ती हसायची." दुसरं गिऱ्हाईक पुटपुटलं, "आता सांगून काय उपयोग?"

तिथून टेकाड चढून गेलो. टेकाडाची पाळी चालू होती. हलिमाबींची सून नसरीन ओट्यावर रिकामे हंडे मांडून बसली होती. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "आमाला काय सांगता? खाली पेठेत सांगा."

"सांगूनच आलोय."

तिनं दारातलं स्टूल पुढं सरकवलं. "बसा. आजून आमची पाळी न्हाई." वरून पळीचा आवाज एकेक घर उतरत खाली येत होता. शेजारच्या दारात तो वाजला तेव्हा नसरीननं तोटी उघडली. हंडे भरून झाल्यावर तिनं पळी वाजवली. पुढं घर नव्हतं, तरी वाजवली. "अम्मी वाजवायच्या म्हून," ती म्हणाली.

खाली आलो तोवर पेठेची पाळी सुरू झाली होती. मी तोटीला हात लावला आणि काढून घेतला. आमच्या आळीच्या टोकाला सरूमावशी एकट्या राहतात, त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते, हे मला ओव्हरसियर असल्यापासून माहीत आहे. मी हाक मारली, "मावशी, भरलं का तुमचं?"

"कुठलं हो, आत्ता तर कळशी लावलीय."

"भरा सावकाश. मी थांबलोय."

दिगंबरशेठनी समोरून विचारलं, "काय झालं, तुमच्याकडे पाणी नाही का?" मी म्हणालो, "आहे. मावशींचं व्हायचंय." थोडा वेळ त्यांच्या पिंपात पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. मग तोटी फिरवल्याचा आवाज आला आणि तो थांबला. टोकाच्या घरातून कळशीत पडणारी धार आता मला माझ्या अंगणात ऐकू येत होती.