जयगडचं जुनं कोबोल

नव्या कोबोलची गोष्ट निघाली की बाई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "आणि जयगडचं काय?"

रत्नागिरीत एका दवाखान्याच्या माडीवर आमची कॉम्प्युटरची छोटी कंपनी होती. बाई तिथे प्रोग्रॅमर होत्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सहकारी संस्थांना आम्ही कोबोल या भाषेत हिशेबाचे प्रोग्रॅम लिहून द्यायचो. भाषेची नवी आवृत्ती आली, तसं एकेक गिऱ्हाईक नवं मशीन घेऊन तिकडे वळलं. मागे राहिली फक्त जयगडची मच्छीमार संस्था. तिच्या जुन्या मशीनवर नवी आवृत्ती चालत नव्हती, आणि दुसरं मशीन घेण्याची संस्थेची ऐपत नव्हती.

म्हणून बाई प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायच्या. एकदा सगळ्यांसाठी, एकदा जयगडसाठी. मालक म्हणायचे, सोडा आता ते जुनं. बाई ऐकून घ्यायच्या आणि फ्लॉपी पिशवीत घालून एसटी पकडायच्या. तिथले कारकून इब्राहिमभाई साठीला आलेले. त्यांना कॉम्प्युटर बाईंनीच शिकवला होता. बाई परत निघाल्या की ते त्यांच्या पिशवीत सुके बांगडे घालून द्यायचे. बाई मासे खात नसत, पण नको म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या ऑफिसला वास.

मग ऐन हंगामात घोळ झाला. एक दुरुस्ती नव्या प्रोग्रॅममध्ये झाली, जुन्यात राहून गेली. संस्थेकडून मिळणारं डिझेल भलत्याच होड्यांच्या नावावर पडलं आणि काही होड्या किनाऱ्यावरच राहिल्या. बाईंना कोणी काही बोललं नाही. त्या स्वतःच मालकांकडे गेल्या. जुनं बंद करू या म्हणाल्या. दोन्हीकडे लक्ष पुरत नाही, आणि माझ्या चुकीपायी त्यांच्या चुली विझतात.

जयगडला सांगायला त्याच गेल्या. मीही बरोबर होतो. इब्राहिमभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "पण मशीन चालतंय ना, बाई?"

"चालतंय," बाई म्हणाल्या. 

त्यानंतर जयगडचं नाव त्यांनी काढलं नाही. कामावर यायच्या, वेळेवर घरी जायच्या. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. समोर बसलेलं असतं, पण आतून कधीच निघून गेलेलं. काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. कुठे गेल्या, कोणालाच कळलं नाही.

पुढे एकदा मी जयगडला गेलो. इब्राहिमभाई हाताने हिशेब लिहीत होते. शेजारी मशीन चालू होतं, पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत होती. खाऱ्या हवेने बिघडू नये म्हणून ते रोज सकाळी थोडा वेळ लावायचे.

"बाईंना सांगा," ते म्हणाले, "नीट ठेवलंय."

मी बरं म्हटलं.