पाण्याचं वेळापत्रक आणि पाच मिलिमीटरचा खडा

मंगळवार, जानेवारीचा तिसरा आठवडा, सकाळी साडेअकरा. स्थळ: ओमानमधल्या सूर गावातलं एक लहान हॉस्पिटल. हजर: मी, खाटेवर. माझी मैत्रीण नंदा, स्टुलावर, भाड्याच्या गाडीची किल्ली अजून मुठीत. केरळचे एक डॉक्टर आणि केरळचीच नर्स.

डॉक्टर म्हणाले, "युरेटेरिक स्टोन." म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत अडकलेला खडा. आकार पाच मिलिमीटर. बहुतेक आपोआप पडेल. पण ताप आला किंवा लघवी अडली, तर मूत्रपिंडाला धोका, मग ऑपरेशन. "पानी कितना पीती हैं दिन में?"

मी उत्तर जुळवेपर्यंत नंदाने माझ्या पर्समधली वही काढली आणि प्रवासाच्या यादीचं अकरावं पान त्यांना हिंदीत वाचून दाखवलं. 'पाणी: निघताना अर्धा कप. नंतर थेट मुक्कामाच्या अर्धा तास आधी. मध्ये मागू नये.'

नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, आपने तो बीमारी का टाइमटेबल बनाया है."

कारण सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्या बायका हेच करत असतील. डोंबिवलीहून ठाण्याला मी चोवीस वर्षं नोकरीला जातेय. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून घरून निघताना पाणी नाही. हा नियम इतका अंगवळणी पडला की परदेशातही तो सामानाबरोबर नेला. ओमानच्या रस्त्यावर दर पेट्रोल पंपाला चकचकीत स्वच्छतागृह होतं. पण यादी घरी झाली होती.

पहिलं लक्षण आदल्या दिवशीचं. उजव्या कुशीत कळ. मी गॅस समजून ओवा चावला. नंदा म्हणाली, "अगं, डॉक्टरला दाखवूया." मी म्हटलं, "यादीत नाही."

मंगळवारी सकाळी, सूरच्या अलीकडे पन्नास किलोमीटरवर, मी गाडी कडेला घेतली आणि उलटी केली. कळ आता पाठीतून जांघेपर्यंत जात होती. बसवेना, उभं राहवेना. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बोडके डोंगर, आणि माणूस एकही नाही.

गाडी मीच चालवायची, हे पान दोनवर होतं. नंदा डोंबिवलीत फक्त घर ते मानपाडा एवढीच गाडी चालवते, तीही रविवारी. तिचा आंतरराष्ट्रीय परवाना मी काढायला लावला होता, भाड्याच्या कागदावर तिचं नावही घातलं होतं. पण हे सगळं यादी पूर्ण दिसावी म्हणून.

"उतर," नंदा म्हणाली.

"तुला उजवीकडून चालवता येणार नाही."

"आणि तुला सरळ बसता येत नाहीये. उतर म्हणते ना!"

तिथल्या गाड्यांत स्टिअरिंगच्या डावीकडे इंडिकेटरची दांडी असते आणि उजवीकडे वायपरची, आपल्याकडे उलट. त्यामुळे नंदा जिथे जिथे वळली, तिथे तिथे कोरड्या काचेवर वायपर नाचले. मी मागच्या सीटवर आडवी, आणि कण्हता कण्हता सांगतेय, "इंडिकेटर... अगं, दुसरा हात..."

"सुनीता, तू कळा दे. गाडी मी बघते."

गावातल्या गोल चौकाला तिने तीन फेऱ्या मारल्या. चौथीला एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून हाताने हॉस्पिटल दाखवलं. वायपर चालू ठेवूनच आम्ही आत शिरलो.

पुढे इंजेक्शन, सलाइन आणि सीटी स्कॅन, म्हणजे यंत्रातून घेतलेले शरीराच्या आडव्या कापांचे फोटो. मग दोन दिवस नुसती वाट पाहणं. दर लघवी गाळायची, खडा सापडतो का बघायचं. त्यासाठी वेगळं गाळणं घ्या. स्वयंपाकघरातलं घेतलंत तर घरचे चहा सोडतील.

पहिल्या संध्याकाळी थोडा ताप वाटला. नर्सने थर्मामीटर लावला तेव्हा मी पहिल्यांदाच घाबरले. नंदा पायाशी बसून राहिली. ताप नव्हता. मग तिने कबूल केलं: प्रत्येक पंपावर ती 'जरा दुकान बघून येते' म्हणून जायची, ते पाणी प्यायला. रोज दोन बाटल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मध्ये एक पान घातलं असतंस, बाटलीबंदीचं."

गुरुवारी पहाटे खडा पडला. मसुराच्या दाण्याएवढा. एवढ्याशासाठी एवढं!

डोंबिवलीतल्या आमच्या डॉक्टरांनी खडा तपासणीला पाठवला आणि दिवसाला तीन लिटर पाणी सांगितलं. तुम्हालाही कुशीत अशी कळ आली, तर ओवा चावत बसू नका, दाखवून या. ऑफिसला निघताना आता मी पाणी पिते. ठाण्यात उतरल्यावर स्वच्छतागृह कुठे कुठे आहे, याची वेगळी यादी केली आहे.

त्या डॉक्टर-नर्सचे उपकार आहेतच. पण मला तिथवर पोचवलं ते वायपरने. म्हणून ठरवलं, पुढच्या प्रवासाची यादी नंदा करणार. तिच्यासाठी नवी वही आणली. समास आखले. पानांना आकडे घातले. पहिल्या पानावर 'पाणी' एवढं लिहिलं, मग खोडलं, तिचं तिला लिहू दे म्हणून.

वही महिनाभर माझ्याच टेबलावर आहे. तिला द्यायची राहिली आहे.