मावशीच्या जनुकातलं एक अक्षर

मी कर्करोगाच्या पेशींवर काम करते असं सांगितलं की लोक विचारतात, औषध कधी येणार? नातेवाईक विचारतात, अजून तेच चाललंय का? हो, अजून तेच. पेशीतला डीएनए तुटला की पेशी आतल्या आत निरोप धाडते: थांबा, आधी दुरुस्ती, मग विभाजन. तो निरोप नेमका कुठे अडतो हे मी सोळा वर्षं ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत शोधते आहे.

माझी मावशी डोंबिवलीत एकटी राहते. शाळेत गणित शिकवायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि पुढच्या जूनमध्ये ती डोक्याला रुमाल बांधून दहावीच्या वर्गावर उभी राहिली. तिची आई, म्हणजे माझी आजी, त्याच्या कितीतरी आधी 'पोटात पाणी होऊन' गेली होती. असं पाणी अंडाशयाच्या कर्करोगानेही होतं; या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही शंका येईल की हे घराण्यातून उतरत असावं. मला ती शंका यायला लाज वाटावी इतकी वर्षं लागली. प्रयोगशाळेतल्या उंदरांची वंशावळ मला तोंडपाठ होती, स्वतःची नव्हती.

शंका आल्यावर मी आधी कल्याणला मामाकडे गेले. आजीच्या आजारपणात तिची सगळी धावपळ त्याने केली होती.

"आजीला नक्की काय झालं होतं, मामा? अंडाशयाचा कॅन्सर होता का?"

"पोटात पाणी झालं होतं."

"पाणी कशामुळे झालं? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"अगं, गेली ती बिचारी. आता कशाला उकरून काढतेस?"

मी त्याला समजावलं की असा दोष असेल तर तो मावशीकडे जाऊ शकतो, माझ्या आईकडे जाऊ शकतो, तसाच त्याच्याकडेही. तो हसला. "बायकांचा आजार तो. माझा काय संबंध?" मग मी कागदावर बायकांचे गोल आणि पुरुषांचे चौकोन काढून दाखवलं, की प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून, आणि पुरुष स्वतः ठणठणीत राहूनही दोष मुलीला देऊ शकतो. मामा कागदाकडे बघत राहिला. मामी आतून चहा घेऊन आली आणि त्याने तो कागद झटकन पालथा केला. मला वाटलं, बायकोसमोर असले विषय नकोत म्हणून असेल.

घरी आईला रक्ततपासणी करशील का विचारलं तर ती म्हणाली, "माझं रक्त घेणार असशील तर घे. पण काय निघालं ते मला सांगू नकोस." हे ऐकून मी कपाळावर हात मारला.

तपासणी आधी आजार झालेल्या माणसाची करायची असते, म्हणून मावशीचीच करायचं ठरलं. ती एका फोनवर तयार झाली. नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये ती माझ्याआधी येऊन बसली होती. संमतिपत्राची आठही पानं तिने वाचली, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि सही केली. रक्त देताना म्हणाली, "हे तू वीस वर्षांपूर्वी का नाही केलंस?" वीस वर्षांपूर्वी मी एमएस्सी करत होते, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या एका जनुकात, हजारो अक्षरांत, एक अक्षर बदललेलं होतं. आणि त्यापुढे लिहिलं होतं: महत्त्व अनिश्चित.

म्हणजे बदल सापडला, पण तो घातक आहे की निव्वळ कोणाच्या नाकावर तीळ असावा तसा आहे, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी ते मावशीला सांगायला डोंबिवलीला गेले.

"म्हणजे पॉझिटिव्ह?"

"नाही."

"मग निगेटिव्ह."

"तसंही नाही म्हणता येत."

मावशीने चष्मा काढून ठेवला. "हे बघ, उत्तर येत नसेल तर मी पायऱ्यांचे मार्क द्यायचे. पण निदान पायऱ्या तरी दाखव." मी दाखवल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "एवढं शिकून शेवटी माहीत नाही, असंच ना?" ती चिडलेली नव्हती. मीच चिडले होते. मावशीवर, रिपोर्टवर, आणि ज्या विषयाला मी आयुष्य दिलं त्याच्यावर.

यातून वाट काढायला आजार झालेलं आणखी एखादं रक्ताचं माणूस हवं होतं. त्याच्यात तेच अक्षर बदललेलं असेल तर संशय वाढतो, नसेल तर कमी होतो. आजी राहिली नव्हती आणि तिचे कागद कोणी ठेवले नव्हते. मी घरच्या ग्रुपवर एक साधा मेसेज टाकला, आजीच्या किंवा आणखी कोणाच्या कर्करोगाची कोणाकडे काही माहिती असेल तर मला एकटीला कळवा. उत्तरादाखल दोन हात जोडलेले आणि एक सुप्रभात आलं.

चार दिवसांनी, रविवारी सकाळी, मामाची मुलगी बाळकुमला माझ्या घरी आली. न सांगता, एकटी. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी तिचे केस गेले होते तेव्हा मामीने सगळ्यांना टायफॉइड सांगितला होता. एका लग्नाला ती ओढणी घट्ट लपेटून आली होती आणि मी तिला म्हटलं होतं, छान बारीक झालीस.

ती सोफ्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "ताई, मला पण झालेला. डाव्या बाजूला. बाबांनी कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलेली."

पहिल्यांदा राग आला, तो तिचाच. मग मामाचा. तो पालथा केलेला कागद आठवला. शहरभर मी भाषणं देत फिरते, लवकर निदान करा, लपवू नका, आणि माझ्या सख्ख्या मामाची मुलगी कल्याणला केमो घेत होती आणि तिला उलटी थांबायची गोळी कोणती चांगली हे सांगायलासुद्धा मी तिथे नव्हते.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुलाच तर नाही सांगायचं असं ठरलेलं. तू म्हणे सगळ्यांच्या टेस्ट करायला लावशील."

यावर आम्ही दोघी हसलो, आणि मग ती रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

ती तपासणीला तयार झाली. दरम्यान प्रयोगशाळेत मी ठरवलं की ते अक्षर पेशींत बदलून निरोप अडतो का ते बघायचं. आमच्या प्रमुखांनी आधी मान्यताच दिली नाही. घरचं प्रकरण आहे, तुम्हाला हवं तेच दिसेल, म्हणाले. मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. शेवटी एका सहकारी बाईंनी पेशी तयार केल्या, काचपट्ट्यांवर नुसते आकडे घातले, आणि मोजायचं काम मला दिलं. डीएनए तोडल्यावर जिथे दुरुस्तीची प्रथिनं जमतात तिथे सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके दिसतात. निरोप पोचला नाही तर ठिपके नाहीत. पहिल्या खेपेला पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली आणि दीड महिन्याचं काम फेकावं लागलं. दुसऱ्या खेपेला नीट झालं. मी तीन दिवस ठिपके मोजले. मावशीच्या काचपट्ट्या कुठल्या हे मला माहीत नव्हतं, आणि तरी प्रत्येक पट्टीला मी मनात, दिसू दे, दिसू दे, म्हणत होते. प्रमुख बरोबर होते ते असं.

कुठला आकडा कोणत्या पेशींचा हे उघडलं तेव्हा मावशीचं अक्षर असलेल्या पेशींत भरपूर ठिपके होते, अगदी निरोगी पेशींइतके. मामेबहिणीच्या तपासणीत ते अक्षर नव्हतंच, आणि दुसरंही काही सापडलं नव्हतं. आमचा प्रयोग हा काही रुग्णाचा रिपोर्ट नव्हे, म्हणून मी क्लिनिकला नुसती माहिती पाठवली आणि वाट बघत बसले. वर्षभराने, इतरांची माहितीही जमा झाल्यावर, सुधारित रिपोर्ट आला: बहुधा निरुपद्रवी.

मी मावशीला आणि बहिणीला एकत्र बसवून ते सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मग आम्हाला का झाला?" बहिणीने विचारलं.

"माहीत नाही."

"परत माहीत नाही?"

"परत."

मावशी पोहे वाढत होती. "चला, एक कारण तरी खोडलं," ती म्हणाली आणि बहिणीच्या ताटलीत लिंबू पिळलं.

त्या आठवड्यात बहिणीने घरच्या ग्रुपवर स्वतःच सगळं लिहिलं, आजार, ऑपरेशन, आणि टायफॉइड नव्हता हेही. तासाभरात तिला गव्हांकुराचा रस, हळदीचं पाणी, कोपरीतले एक वैद्य आणि साखर बंद असे सल्ले आले. मी एकेकाला उत्तरं लिहीत बसले, पुरावा नाही, पुरावा नाही, कृपया औषधं बंद करायला सांगू नका. सगळ्यात शेवटी मामाचा मेसेज आला, मला एकटीला. त्यात नमस्कार नव्हता, प्रस्तावना नव्हती. "आईला अंडाशयाचाच होता. तू सांग, माझं रक्त कधी द्यायचं."

एवढ्या उशिरा सांगितल्याबद्दल मी त्याला चार शब्द सुनावणारा मेसेज लिहिला. आजीतला एखादा दोष मावशीकडे उतरला नसला तरी त्याच्याकडे असू शकत होता, म्हणून मग तो पुसला आणि क्लिनिकची मंगळवारची वेळ कळवली.