बिनचरबीचा लीडर

वहिनींना जिची किळस येत नाही अशी वस्तू या जगात असलीच, तर ती नुकतीच उकळत्या पाण्यातून बाहेर आलेली असणार. उमेदीचा सगळा काळ त्यांनी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादमकी केली. ज्या चादरी बघून डॉक्टरसुद्धा तोंड फिरवत, त्या वहिनींच्या हाताखालून पांढऱ्याफेक होऊन परत जात. निवृत्तीनंतर धुलाईखाना सुटला, पण नजर काही सुटली नाही. कुणाकडे गेल्या की त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसत आणि दाराची मूठ कोपराने फिरवत.

अशा बाईच्या पदरी नवरा पडला तो मासे पकडणारा.

बरं, खायला पकडत असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. दादा पिसांची खोटी माशी गळाला बांधून नदीत फेकत, मासा फसला की त्याला दोन्ही हातांत धरून त्याचं कौतुक करत, आणि परत पाण्यात सोडून देत.

"म्हणजे वास तेवढा घरी आणायचा," वहिनी म्हणत.

दादांची धाकटी बहीण ताई, तीही याच नादातली. तिच्या तोंडचं ऐकून सगळी मंडळी यांना दादा आणि वहिनी म्हणू लागली होती.

या मासेमारीत जाड दोरी आणि माशीजवळचा बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, यांच्यामध्ये एक निमुळता तुकडा लागतो. त्याला लीडर म्हणतात. फेकीचा जोर त्यातून उतरत जातो आणि माशी पाण्यावर अलगद टेकते. दादांचा लीडर पूर्वी जाड-बारीक तंगुसाचे तुकडे गाठी मारून जोडलेला असे. तो संध्याकाळी कपड्यांच्या दोरीवर वहिनींच्या टॉवेलशेजारी वाळत पडे, आणि त्याच्या गाठीगाठीला शेवाळाची बुळबुळीत हिरवी दाढी लोंबत असे. एकदा त्या दाढीतून काहीतरी चालत बाहेर आलं आणि टॉवेलवर गेलं. टॉवेल जाळण्यात आला.

"बिनगाठीचं काही मिळत नाही का हो?" वहिनींनी विचारलं.

"असतं ना, पिळाचं. पण ते वळायला चिकाटी लागते. माझ्याच्याने नाही व्हायचं."

वहिनींच्या घरात चिकाटीला तोटा नव्हता. त्यांनी एक लांब फळी आणवली, तिच्यावर दोन रांगांत खुंट्या ठोकून घेतल्या आणि शिलाईचा दोरा घेऊन बसल्या. जाड टोकाला दोऱ्याचे पुष्कळ फेरे घ्यायचे, पुढच्या प्रत्येक खुंटीपाशी कमी करत न्यायचे, की निमुळतेपणा आपोआप येतो. मग हाताच्या ड्रिलला आकडा लावून दोन्ही रांगांवरच्या पदरांना सणसणीत पीळ भरायचा, टोकं एकत्र धरायची आणि हळूच उलटं सुटू द्यायचं. दोन्ही पदर एकमेकांना वेढत जातात. पहिला लीडर जमला तेव्हा वहिनींनी तो बोटांतून ओढून पाहिला. घाण बसायला जागाच नव्हती. मासेमारीतली एक तरी गोष्ट त्यांना पसंत पडली.

आनंदाच्या भरात दादांनी मेंढीच्या चरबीचा डबा आणला. दोरा पाणी पितो, त्याला चरबी चोळावी लागते, हे सांगायला त्यांना वेळच मिळाला नाही. डबा वहिनींना फ्रीजमध्ये सापडला, लोण्याला टेकून. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि सरळ मोरीकडे धावल्या.

"माझ्या हातच्या वस्तूला ही मेलेली मेंढी फासणार तुम्ही?" परत आल्यावर त्या म्हणाल्या. "फासलीत, तर पुन्हा फळीला हात लावणार नाही."

"नाही लावत गं," दादा म्हणाले.

डबा गेला. शिवाय दर रविवारी लीडर नदीवरून आला की वहिनी तो गरम साबणाच्या पाण्यात भिजवून, खळखळून धुऊन काढू लागल्या. इस्त्री तेवढी करत नसत.

पुढे नदीला खालच्या अंगाला बांध झाला. पाणी आरशासारखं संथ झालं आणि मासे मोठे सावध. दादांना आधी कमी मासे मिळू लागले, आणि या मोसमात तर एकही नाही.

"हात गेला माझा," एक दिवस ते म्हणाले. "गळाची काठी ताईला देऊन टाकतो."

आणि दादा रविवारी घरी राहू लागले. पहिल्या रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या रविवारी ओट्याच्या फडक्याने बूट पुसले. वहिनी ते फडकं चिमट्यात धरून बाहेर टाकायला निघाल्या, तर दादा मांडीवर काठीची पिशवी घेऊन बसले होते आणि तिची चेन नुसतीच उघडत होते, लावत होते. वहिनींना एरवी फडक्यावरून आठवडाभर बोलता आलं असतं. त्यांनी फडकं टाकलं आणि नणंदेला फोन केला.

"खरंच हात गेलाय का गं त्यांचा?"

"तुम्हीच येऊन बघा की वहिनी. तिथं काही चावत नाही. आणि चावलंच, तर तुम्ही त्याला धुऊन वाळत घालाल."

पुढच्या रविवारी शेवटचं म्हणून दादांना नदीवर नेलं. वहिनी काठावर वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर उभ्या राहिल्या. चिखलातून बुडबुडे येत होते, म्हणजे खाली काहीतरी कुजत असणार. नणंदेच्या रबरी विजारीला कित्येक मोसमांच्या घामाचा वास येत होता. शेजारचा एक गृहस्थ ज्या हाताने मासा सोडला त्याच हाताने बिस्कीट खात होता. वहिनींनी डोळे मिटले आणि नवऱ्यासाठी उघडले.

दादांनी दोरी मागे नेली, पुढे सोडली. हात झकास चालला होता. पण लीडर हवेत उलगडताना त्यातून पाण्याचे थेंब उडाले आणि माशी टेकायच्या आधीच सरीसारखे पाण्यावर पडले. आरशावर शिंतोडे उठले. खालून एक सावली सुळकन निघून गेली.

वहिनी बघतच राहिल्या. हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. कोरा टॉवेल पाणी घेत नाही. सात वेळा धुऊन त्यातलं तेलकटपण पार काढलं की घटाघटा पितो.

नणंदेच्या दोरीतून थेंबही उडत नव्हता. लीडर तर तिचाही वहिनींनीच वळलेला, त्याच फळीवरचा. वहिनी वर्तमानपत्रावरून उतरल्या, चिखलातून चालत गेल्या आणि तिचा लीडर बोटांत धरला. बोटं चिकट झाली.

"शी. हे काय आहे?"

"मेंढी," नणंद म्हणाली. "लपवून लावते. तुमच्याकडे धुवायला देते का मी कधी?"

वहिनी दादांकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्हाला नाही लपवता आलं?"

"तू नको म्हणाली होतीस."

"मासे मिळत नव्हते तरी?"

"लीडर तर मिळत होते," दादा म्हणाले आणि पाण्याकडे बघू लागले.

"हात गेला म्हणून सांगत होतात."

"मग काय, तुझ्या साबणाचं नाव घ्यायचं?"

वहिनींनी नणंदेकडे हात पसरला. तिने खिशातून डबा काढून दिला. वहिनींनी दादांचा लीडर पदराने कोरडा केला, श्वास रोखला आणि बोट चरबीत बुडवलं. वास तोच होता, उन्हाने अधिकच पिकलेला. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, पण बोटं वरपासून खालपर्यंत सरकत राहिली, पिळाच्या प्रत्येक वेढ्यात चरबी दाबत. धुलाईखान्यात त्यांनी एकही चादर अर्धवट सोडली नव्हती.

"पुरे झालं," दादा म्हणाले.

"गप्प उभे राहा. टोकाला नीट बसली नाही अजून."

दादांनी दोरी फेकली. एक थेंब उडाला नाही. माशी टेकली, पाणी तेवढ्यापुरतं हललं, आणि काठी वाकली.

मासा हातभर होता. दादांनी तो वर उचलून बायकोला दाखवला. त्याच्या अंगावरचा चिकट बुळबुळाट उन्हात चमकत होता, तोंड उघडझाप करत होतं. वहिनींना वाटलं होतं त्याहून तो घाणेरडा होता.

"लांब धरा," त्या म्हणाल्या. "अजून लांब. आता सोडा त्याला. आणि ती काठी ताईला देताय का अजून?"

"नाही," दादा म्हणाले.

"मग जाताना रबरी हातमोजे घ्या. मी दर रविवारी उघड्या बोटांनी हे करणार नाही."