दाजींचा पगार
आमच्या स्कूबा डायव्हिंगच्या बोटीवर टिप मागायची नसते. पाहुण्यांच्या पायातले फिन्स काढून द्यायचे, मास्क गोड्या पाण्यात धुवायचे, टॉवेल पुढे करायचा आणि पैशाशी आपलं काही सोयरसुतकच नाही असं समुद्राकडे बघत उभं राहायचं. दाजी यात पटाईत. पाण्याखाली कासव दाखवणारे गाईड पुष्कळ आहेत. पण घाबरगुंडी उडालेल्या पाहुण्याला वर आल्यावर "तुम्ही तर माझ्याही पुढे होतात" म्हणणारे दाजी एकच.

मी किनाऱ्यावर कॉम्प्रेसर चालवतो. पाहुणे खाली जी हवा घेतात ती मी सिलिंडरमध्ये भरतो, पण हवेला कोण टिप देतंय! दाजी मात्र त्यांच्या टिपेतला वाटा न चुकता माझ्या हातावर ठेवतात. हा माणूस आधी माझा दोस्त, अरेतुरेतला. धाकट्या बहिणीचं लग्न मीच त्याच्याशी जमवलं आणि आता त्यालाच अहोजाहो करतो.

जमवताना वडिलांनी विचारलं, "पगार किती?" मी भर सीझनच्या टिपा त्यात धरून आकडा सांगितला. आमच्या धंद्यात सगळे असंच धरतात. नुसत्या पगारात जेमतेम खोलीचं भाडं निघतं, चूल पेटते ती टिपांवर. हे वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच घराबाहेर काढलं असतं. दाजी शेजारीच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. तेव्हापासून दहा वर्षं ते महिनाभर टिपा साठवतात आणि पगारात मिसळून बहिणीच्या हातात देतात.

मागच्या महिन्यात सर्दी अंगावर काढून दाजी खाली गेले आणि पाण्याच्या दाबाने डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने पाण्याखाली जायचं नाही, गेलात तर हा कान कायमचा जाईल. मालक माणूस भला. म्हणाला, "काउंटरवर बस, पगार पूर्ण देतो." पूर्ण म्हणे! काउंटरवर बसलेल्याला टिप कोण देणार? आणि दोन महिन्यांत सीझनच संपतो. गाईडला किती द्यायचं असं एखाद्या पाहुण्याने विचारलंच, तर हाच मालक हसून सांगतो, "तुमची खुशी." खुशीवर घर चालवून दाखव म्हणावं एकदा!

आठवडाभरात दाजींनी मालकाला थाप मारली की डॉक्टरांनी परवानगी दिली. मला म्हणाले, "तू गप्प बस." मी बसलो. माझा वाटाही त्याच टिपेत आहे, मोठेपणा कुठल्या तोंडाने करू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

काल सकाळी बोट बाहेर असताना बहीण कॉम्प्रेसरच्या खोलीत आली. एरवी ती इकडे फिरकत नाही.

"हे म्हणतात कान बरा झाला," ती म्हणाली. "रोज उशीला पू लागलेला असतो, दादा."

मी मशीन बंद केलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "चिमे, तुला एक सांगायचंय. तो पगार आहे ना..."

"माहितीये मला. पहिल्याच महिन्यात कळलं. पगाराच्या नोटांना कधी समुद्राचं मीठ लागलेलं असतं का रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय पगार वाढणार होता?"

मला भयंकर राग आला, तिचा, दाजींचा आणि सगळ्यात जास्त माझा. दहा वर्षं आम्ही तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलो होतो. मी म्हणालो, "मग आज सांगून टाक त्यांना. तुला सगळं माहीत आहे म्हटल्यावर लाज कसली? बसू देत दोन महिने."

ती फळीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "तेच तर. मी सांगितलं तर ते खरंच बसतील."

मी फडकं घेऊन मशीन पुसायला लागलो. तिनेच पुढे विचारलं,

"उजवा कान चांगला आहे ना?"

"डॉक्टर म्हणाले, अगदी चांगला आहे."

"एका कानावर भागतं का रे, दादा, माणसाचं?"

खिडकीतून बोट परत येताना दिसत होती. पुढच्या टोकाला दाजी उभे होते, पाहुण्यांशी हसत.

"भागतं," मी म्हणालो, आणि दुपारच्या फेरीचे सिलिंडर भरायला घेतले.