सूर्यकांतरावांनी निवडलेलं मीठ

सूर्यकांत पोंक्षे यांनी एकतीस वर्षं पुण्यात पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली. पाणी म्हटलं की या गृहस्थांना सल्ला द्यायची खाज सुटायची, आणि निवृत्तीनंतर ती भागवून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून कानडी मुलखात, सर्जापूर रोडवर मुलीकडे, सुखदाकडे राहायला आल्यावर तिच्या हॉलमधल्या काचेच्या टँकमधला चार फुटी समुद्र पाहून त्यांना आपलं खातंच परत मिळाल्यासारखं वाटलं.

तो समुद्र सुखदाचा जीव की प्राण. त्यातलं जांभळ्या टोकांचं, फांद्याफांद्यांचं पोवळं तिने चार वर्षांपूर्वी अंगठ्याएवढं आणलं होतं. आता ते ओंजळीत मावलं नसतं. या टँकचं पाणी घरीच करायचं, गाळलेल्या गोड्या पाण्यात खास मीठ कालवून. नेहमीच्या कंपनीचं मीठ यायचं बंद झालं, तेव्हा नवं निवडायचं काम सुखदाने बाबांवर सोपवलं. नोकरीला लागल्यापासून तिने त्यांच्यावर काही सोपवलं असेल तर ते हेच पहिलं.

जे. पी. नगरातल्या दुकानाचा मालक गिरीराज माने. घराणं पिढ्यान्पिढ्या इकडचं, मराठी कानडी वळणाची.

"अण्णा, हे साधं मीठ घ्या. तुमच्या पाण्याला हेच जुळतंय," तो म्हणाला. "ते दुसरं स्वल्प जोरदार आहे. तुम्हाला नको ते."

सूर्यकांतरावांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही पिशव्यांवरचे आकडे वाचले. साध्या मिठाची अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, आठ, जोरदाराची बारा. खात्यात अल्कलिनिटी कमी पडली की पाणी लोखंडी पाइप खायचं. मग हे चुना घालून ती वाढवायचे आणि साहेब पाठ थोपटायचे. दुकानदार मला पाणी शिकवणार, असं मनाशी म्हणत त्यांनी जोरदार मीठ उचललं. घरी येऊन एका आठवड्यात तीनदा अर्धं अर्धं पाणी बदललं.

पण पाइपाला मानवतं ते पोवळ्याला मानवतंच असं नाही. आठवडा सरतो न सरतो तोच फांद्यांची टोकं पांढरी पडली. रोज थोडी थोडी जास्त. सूर्यकांतरावांनी पाणी तपासलं. चाचणीच्या नळीतला निळा रंग पिवळा व्हायला थेंबांमागून थेंब लागत गेले, आणि अल्कलिनिटीचा आकडा आठाऐवजी साडेअकरावर जाऊन थांबला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलीला सांगायला मात्र तोंड उघडेना.

"मला हे रोज मरताना बघवत नाही," सुखदा म्हणाली. "ज्याला हवा त्याने टँक घेऊन जावा." तिने गिरीराजला घरी बोलावलं आणि तो आत येताच त्याच्यावर बरसली. "बाबा इथे नवे आहेत म्हणून वाटेल ते गळ्यात मारलंत?"

गिरीराजने कोपऱ्यातली जोरदार मिठाची पिशवी पाहिली, मग सूर्यकांतरावांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. वडिलांची चूक लेकीसमोर काढायची त्याच्या घरची रीत नव्हती.

सूर्यकांतरावांना गप्प बसणं सोपं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीत त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती. चूक नेहमी नमुना आणणाऱ्याची असायची. पण समोरचा माणूस त्यांच्यासाठी बोलणी खात होता, आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

"सुखदा, याने हे गळ्यात मारलं नाही," ते म्हणाले. "नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही. मला वाटलं, मला जास्त कळतं."

 वडिलांच्या तोंडून असलं वाक्य सुखदाने जन्मात ऐकलं नव्हतं.

गिरीराजचा चेहरा मात्र खुलला. "सरी, बरं. मग रोग नाही, मीठच आहे. साध्या मिठाच्या पाण्याची रोज एक बादली बदला, एकच. घाईने आकडा खाली आणलात तर त्यानेही मरतंय."

"महिनाभर बघू," सुखदा म्हणाली. टँक द्यायचं तिने रद्द केलं नव्हतं.

तो महिना सूर्यकांतरावांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. रोज सकाळी नऊला थेंब मोजायचे. अकरा, साडेदहा, दहा. एकदम अर्धं पाणी उपसावं म्हणून हात शिवशिवायचे, तेव्हा ते खाली जाऊन सोसायटीला दोन चकरा मारून यायचे. आणि एके दिवशी पांढऱ्या टोकाच्या मुळाशी नखाएवढी जांभळी कड दिसली. त्यांनी ती कुणाला दाखवली नाही.

संध्याकाळी सुखदा आली आणि काचेला नाक लावून बराच वेळ वाकून राहिली.

"बाबा, आज किती आलं?" तिने मागे न बघता विचारलं.

"साडेआठ."

"पुढच्या आठवड्यात मी चार दिवस हैदराबादला आहे. टँक तुम्ही बघा. मला विचारत बसू नका, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

सूर्यकांतराव बरं म्हणाले, बादली घेऊन बाल्कनीत गेले, आणि धुतलेली बादली पुन्हा पुन्हा धूत राहिले.